प्रवास एकट्याचा, डुबकी जोडीची : स्कूबा डायव्हिंगच्या सहलीचे नियोजन

पुणे - डोंगर हा पुणेकरांच्या अंगवळणी पडलेला विषय आहे. शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून राजगड-तोरण्याची वाट धरणारे तरुण सदाशिव पेठेतील उरल्यासुरल्या वाड्यांत आणि वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींतही सारखेच सापडतात. गेल्या काही वर्षांत यांपैकी अनेकांची पावले समुद्राकडे वळली आहेत. मालवणला सहज म्हणून केलेली एक डुबकी, मग अंदमानचे स्वप्न आणि त्यानंतर थायलंड किंवा मालदीव, असा हा प्रवास साधारणपणे होतो. मित्रांच्या सुट्या जुळत नाहीत, घरच्यांना पाण्याची भीती वाटते, म्हणून यातील काही जण एकट्यानेच निघतात. एकट्याने निघण्यात गैर काहीच नाही. मात्र डोंगरात एकट्याने फिरण्याची सवय असलेल्यांनी समुद्राचे गणित वेगळे आहे, हे आरक्षण करण्यापूर्वीच लक्षात घ्यायला हवे.

'एकट्याने डायव्हिंग' या शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, प्रवास एकट्याने करणे आणि पाण्यात मात्र केंद्राच्या प्रशिक्षकाबरोबर किंवा जोडीदाराबरोबर उतरणे. दुसरा, पाण्याखालीही एकटेच असणे. स्कूबाच्या जगात पाण्याखालील जोडीदाराला 'बडी' म्हणतात आणि बडीशिवाय पाण्यात उतरायचे नाही, हा नवशिक्यांना शिकवला जाणारा पहिल्या काही धड्यांपैकी एक आहे. पाण्याखाली स्वतंत्रपणे वावरण्याचे अभ्यासक्रमही आहेत. 'पाडी' या संस्थेचा 'सेल्फ रिलायंट डायव्हर' आणि 'एसडीआय'चा 'सोलो डायव्हर' हे त्यांपैकी दोन. पण त्यांना प्रवेश घेण्यासाठीच किमान शंभर डुबक्यांची नोंद असावी लागते आणि हवेचा स्वतंत्र दुसरा साठा बरोबर बाळगावा लागतो. ज्यांच्या वहीत दहा-वीस डुबक्या आहेत, त्यांच्यासाठी हा दुसरा अर्थ तूर्त मिटलेलाच समजावा. या लेखात विचार आहे तो पहिल्या प्रकारच्या प्रवाशाचा.

गटाबरोबर जाणाऱ्याला काही गोष्टी न मागता मिळतात. आपल्या सिलिंडरची झडप पूर्ण उघडली आहे का, हे कोणीतरी पाहते. आपण बोटीवर परत आलो नाही, तर कोणीतरी आरडाओरडा करते. 'आज तुझा चेहरा बरा दिसत नाही, जाऊ नकोस,' असे सांगणारे कोणीतरी असते. रात्री सांधा दुखू लागला, तर डॉक्टरकडे नेणारेही कोणी असते. एकट्या प्रवाशाला यातील प्रत्येक गोष्टीची सोय आधीच करून ठेवावी लागते. त्याच्या नियोजनाचा खरा भाग हाच आहे. तिकिटे आणि खोल्या काय, कोणीही काढून देतो.

पाण्याखाली काय घडते?

समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरण एवढा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, तर तीस मीटरवर चौपट होतो. रेग्युलेटर आपल्याला भोवतीच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो. झ्याक-इव्ह कुस्तो आणि एमील गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या यंत्राचे मर्म हेच होते. परिणामी आपण जितके खोल जाऊ, तितकी प्रत्येक श्वासाला अधिक हवा खर्च होते. ढोबळ हिशेब असा : प्रचलित ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा असते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला दहा मीटरवर ४० आणि तीस मीटरवर ८० लिटर लागते. पन्नास बार राखीव ठेवले, तर दहा मीटरवर ती चाळीस मिनिटे पुरते. तीस मीटरवर जेमतेम वीस. घाबरलेला किंवा प्रवाहाविरुद्ध पाय मारणारा माणूस याच्या दुप्पट हवा सहज संपवतो.

दाबाचा सर्वाधिक फरक पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो. कान दुखतात ते येथेच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून कानांतील दाब सारखा करण्याची क्रिया दर अर्ध्या-एक मीटरला करावी लागते. दुखायला लागल्यावर नव्हे, त्याआधी. सर्दी असताना ती होत नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरणारे अनेक जण असतात. पण औषधाचा असर पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना सायनसमध्ये अडकलेली हवा पसरू लागते आणि दुखणे वाढते. एवढे पैसे भरले, विमानाने आलो आणि आता सर्दीमुळे खोलीत बसायचे काय, हा विचार एकट्या माणसाला फार छळतो. त्यावर एकच उपाय म्हणजे कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवणे.

दुसरा नियम पुण्यातील योगवर्गांना जाणाऱ्यांना मुद्दाम सांगायला हवा. प्राणायामात कुंभकाला मान असला, तरी सिलिंडरमधील हवा घेत असताना श्वास कधीही रोखायचा नसतो. दहा मीटरवर भरलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर त्या हवेचे आकारमान पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट होते आणि फुप्फुसाला इजा होते. अशी इजा पोहण्याच्या तलावातही, दीड मीटरसारख्या उथळ पाण्यातही होऊ शकते.

तिसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली हा वायू रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आल्यास सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखी, बधिरता, चक्कर, अंगावर चट्टे, क्वचित अर्धांगवायू अशी त्याची लक्षणे असतात. म्हणून दर मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, असा प्रघात आहे. 'पाडी'च्या तक्त्यानुसार पहिल्या डुबकीत अठरा मीटरवर ५६ मिनिटे आणि तीस मीटरवर अवघी २० मिनिटे थांबता येते. ही मर्यादा निरोगी माणसासाठी आहे. जागरण झालेल्या, पाणी कमी प्यालेल्या किंवा आदल्या रात्री मद्य घेतलेल्या माणसासाठी नव्हे.

अनुभव की प्रशिक्षण?

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात पर्यटकांना दिला जातो तो 'अनुभव' असतो. प्रशिक्षक आपल्याला धरून पाच-आठ मीटरपर्यंत नेतो, मासे दाखवतो, छायाचित्र काढतो आणि वर आणतो. काही ठिकाणी पाठीवर सिलिंडरही नसते. बोटीवरून आलेल्या लांब नळीने हवा मिळते. त्यात कमीपणा काही नाही, पण आपण स्कूबा शिकलो, असा समज करून घेऊ नये. प्रमाणपत्राचा पहिला टप्पा 'ओपन वॉटर डायव्हर' हा आहे. त्यात पुस्तकी भाग, तलावातील सराव आणि समुद्रातील चार डुबक्या असतात. साधारण तीन-चार दिवस लागतात आणि त्यानंतर अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरण्याची मुभा मिळते. पुढचा 'ॲडव्हान्स्ड' टप्पा तीस मीटरपर्यंत नेतो. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा चाळीस मीटर मानली जाते.

एकट्याने जाणाऱ्याने अनुभवावर न थांबता हा अभ्यासक्रम करावा, असे आमचे मत आहे. कारण अनुभवाच्या डुबकीत आपला जीव सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो आणि तो दुसरा कसा आहे, हे सांगणारे बरोबर कोणी नसते. शिवाय अभ्यासक्रमाच्या तीन-चार दिवसांत एकट्याला आपोआप सोबती मिळतात. पुस्तकी भाग आता घरबसल्या संगणकावर पूर्ण करता येतो. त्यामुळे समुद्रकाठची सुटी वर्गात बसून घालवावी लागत नाही.

पोहण्याचे काय? प्रवेशासाठी दोनशे मीटर न थांबता पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे आवश्यक असते. वेगाची अट नाही. डेक्कन जिमखान्याच्या टिळक तलावात लहानपणी पोहायला शिकलेल्या आणि नंतर वीस वर्षे पाण्यात न उतरलेल्या मंडळींनी दोन महिने आधीपासून तलावावर जायला सुरुवात करावी. सरावासाठी खडकवासल्याचे किंवा अन्य धरणाचे पाणी मात्र टाळावे. तेथे दरवर्षी पोहता येणारेच बुडतात.

चष्मा असलेल्यांनी नंबरच्या काचांचा मास्क मिळतो का, हे केंद्राला आधी विचारावे. मऊ काँटॅक्ट लेन्सही चालतात. जाड मिशी ठेवणाऱ्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरते, ही तक्रार जुनी आहे. मास्क विकत घेताना तो चेहऱ्यावर लावून, नाकाने श्वास ओढून, पट्ट्याशिवाय टिकतो का, ते पाहावे. उसन्या साहित्यावर चालू शकते. पण स्वतःचा मास्क आणि शक्य असेल तर स्वतःचे डायव्ह कॉम्प्युटर असावे, कारण आपण किती खोल, किती वेळ होतो, याचा हिशेब एकट्याच्या बाबतीत दुसऱ्या कोणाकडे नसतो.

वैद्यकीय तपासणी पुण्यातच

प्रत्येक नामांकित केंद्र पाण्यात उतरण्यापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून घेते. दमा, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही 'होय' असे उत्तर आले, की डॉक्टरांची सही लागते. गर्भवतींना डायव्हिंग वर्ज्य आहे. ही प्रश्नावली बेटावर पोहोचल्यानंतर प्रथमच पाहणाऱ्याची पंचाईत होते. तेथे डॉक्टर शोधण्यात दिवस जातो किंवा मग सगळीकडे 'नाही' असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. दुसरा मार्ग अधिक प्रचलित आणि अधिक घातक आहे. केंद्राकडून अर्ज आधीच मागवून घ्यावा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना व कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा. पंचेचाळिशी उलटलेल्यांनी हृदयाची तपासणी करून घेतलेली बरी.

कोठे आणि केव्हा?

घराजवळचा पर्याय सिंधुदुर्ग जिल्ह्याचा. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आणि माशांची चांगली वस्ती आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली आहे. 'इसदा' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. २०२५ मध्ये नौदलाची निवृत्त नौका 'आयएनएस गुलदार' महामंडळाकडे सोपवण्यात आली. निवतीजवळ समुद्रतळाशी तिचे संग्रहालय करण्याची ही योजना आहे. येथील पाण्याची दृश्यता अनेकदा काही मीटरच असते. अंदमानची छायाचित्रे पाहून येणाऱ्यांची निराशा होते. पण गढूळ पाण्यात शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यात सहसा गोंधळत नाही, हेही खरे. पावसाळ्यात, म्हणजे साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कोणी 'सोय करून देतो' म्हणाले, तर त्याचे आभार मानून परत फिरावे.

गोव्यात मुरगावसमोरील ग्रँड आयलंड आणि कर्नाटकात मुरुडेश्वरपासून समुद्रात असलेले नेत्राणी बेट ही पुढची ठिकाणे. मुरुडेश्वरला कोकण रेल्वेने जाता येते, ही एकट्या प्रवाशाची मोठी सोय. लक्षद्वीपचे पाणी देशात अप्रतिम मानले जाते. मात्र तेथे भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो, विमान कोचीहून अगत्तीला जाते आणि ऐनवेळी बेत बदलण्यास वाव फारच कमी असतो.

अंदमानविषयी थोडे विस्ताराने. पुण्याचे आणि अंदमानचे नाते सेल्युलर जेलमुळे जुने आहे. सदाशिव पेठेतून निघणाऱ्या कितीतरी सहली सावरकरांची कोठडी पाहण्यासाठीच जातात आणि समुद्र त्यांच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. डायव्हिंगचे मुख्य केंद्र आहे ते पूर्वीचे हॅवलॉक. २०१८ च्या अखेरीस त्याचे नाव स्वराज द्वीप झाले. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले आहे. जुनी माहिती वाचून आरक्षण करणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये, म्हणून दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत. तेथून बोटीने स्वराज द्वीप गाठायला दीड ते अडीच तास लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. दृश्यता वीस मीटरच्या पुढेही जाते. २०१० मध्ये समुद्राचे तापमान वाढून येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. सगळीकडे रंगीबेरंगी बाग दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. त्याच वर्षी हॅवलॉकच्या किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा खाऱ्या पाण्यातील मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेव्हापासून काही किनाऱ्यांवर सूचनाफलक आणि जाळ्या आहेत. किनारा रिकामा आणि सुंदर दिसला, म्हणून एकट्याने पाण्यात शिरू नये. स्थानिक माणसे ज्या जागी उतरत नाहीत, तेथे त्यांच्याकडे कारण असते.

परदेशात थायलंडचे को ताओ हे नवशिक्यांच्या अभ्यासक्रमांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. बालीतील तुलांबेन येथे दुसऱ्या महायुद्धात पाणतीराने निकामी झालेले 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज किनाऱ्यापासून पोहत जाण्याच्या अंतरावर आहे. मालदीवचे प्रवाह जोरदार असतात. तेथे हौशी डायव्हरना तीस मीटरची मर्यादा कायद्यानेच घालून दिली आहे. पंचवीस-तीस डुबक्यांचा अनुभव गाठीशी असल्याशिवाय मालदीवचा विचार करू नये.

केंद्राला विचारायचे प्रश्न

दूरध्वनीवरून किंवा ई-मेलने विचारलेल्या साध्या प्रश्नांतून केंद्राची पारख होते. एका मार्गदर्शकामागे किती जण उतरतात? बोटीवर प्राणवायूचे सिलिंडर असते का? माझ्याबरोबर जोडीदार कोण असेल आणि त्याच्या किती डुबक्या झाल्या आहेत? शेवटची डुबकी वर्षभरापूर्वी झाली असेल, तर सरावाची उजळणी करून घ्याल का? हवामान बिघडले तर पैसे परत मिळतात का? यातील शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये. पैसे परत न करणाऱ्या केंद्राला खराब हवामानातही बोट काढण्याचा मोह होतो आणि पैसे अडकलेला पर्यटक तिला होकार देतो. प्राणवायूविषयी विचारल्यावर जेथे हसण्यावारी नेले जाते, तेथे जाऊ नये. डायव्हिंगमुळे होणाऱ्या आजारावर पहिला उपचार शुद्ध प्राणवायू हाच आहे.

केंद्राने दिलेला जोडीदार अनोळखी असतो. संकोच बाजूला ठेवून त्याच्याशी बोटीवरच दहा मिनिटे बोलावे : हवा किती उरली की परतायचे, एकमेकांपासून चुकलो तर काय करायचे. सर्वसाधारण रीत अशी, की एक मिनिट शोधायचे आणि मग सावकाश वर यायचे. एकमेकांची साधने तपासावीत. रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घेताना दाबमापकाकडे पाहावे. काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर झाला, तर झडप पूर्ण उघडलेली नाही. हवेला तेलाचा वा धुराचा वास आला, तर ते सिलिंडर परत करावे. जोडीदार उतावीळ वाटला, छायाचित्रांच्या नादात मागे राहणारा वाटला, तर दुसरा मागावा किंवा अधिक पैसे मोजून स्वतंत्र मार्गदर्शक घ्यावा. एकट्या प्रवासाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम आधीच धरलेली असावी. स्त्रियांनी स्त्री प्रशिक्षकाची मागणी करण्यात संकोच करू नये. अनेक केंद्रांत त्या असतात.

बोटीवरची मोजणी

२५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन दांपत्य डायव्हिंगला उतरले. बोटीवरील मोजणी चुकली आणि बोट त्या दोघांना समुद्रातच सोडून किनाऱ्याला परतली. दोघे राहून गेल्याचे लक्षात यायला दोन दिवस लागले. ते कधीच सापडले नाहीत. जोडीने उतरलेल्यांच्या बाबतीत हे घडले. तेव्हा एकट्या प्रवाशाने बोटीवर चढताच मार्गदर्शकाला आणि तांडेलालाही आपले नाव सांगावे, यादीत ते लिहिलेले पाहावे आणि आपली पिशवी नजरेत भरेल अशा जागी ठेवावी. पाण्यावर उभा करायचा रंगीत खुणेचा फुगा आणि शिट्टी या दोन वस्तू मोठ्या खर्चाच्या नाहीत, पण पृष्ठभागावर वाहत गेलेला माणूस लाटांमधून दिसतो तो त्यांच्यामुळेच.

बोटीचा धोका केवळ विसरले जाण्याचा नाही. मे २०२२ मध्ये तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखाली काहीही झाले नव्हते. डुबकी संपली म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवायचे नसते. क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली बोट दिसली, तर एकट्या प्रवाशाला एक फायदा आहे. त्याला कोणाचीही समजूत न घालता खाली उतरता येते.

परतीचा घाट

पुण्याच्या प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हा आहे. डुबकीनंतर शरीरात उरलेला नायट्रोजन निघून जायला काही तास लागतात. त्याआधी उंचीवर गेल्यास भोवतीचा दाब कमी होऊन बुडबुडे होऊ शकतात. विमानातील दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका कमी असू शकतो. म्हणून 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेच्या २००२ मधील कार्यशाळेतून पुढील सल्ला निघाला : एकच साधी डुबकी घेतली असेल, तर विमानापूर्वी किमान बारा तास; एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डुबक्या घेतल्या असतील, तर किमान अठरा तास. अनेक केंद्रे सरसकट चोवीस तास सांगतात. तोच नियम पाळावा.

विमानाचे हे बहुतेकांना ठाऊक असते. घाटाचे नसते. वरील सल्ला सुमारे ६१० मीटर म्हणजे दोन हजार फुटांपासूनच्या उंचीला लागू होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. रेल्वेने पनवेलला येऊन बोरघाट चढावा, तर लोणावळाही सहाशे मीटरच्या वर भरते. कोकणातून पुण्याला येणारा कोणताही रस्ता सह्याद्री चढल्याशिवाय येत नाही. सकाळी डुबकी, दुपारी माशाचे जेवण आणि संध्याकाळच्या गाडीने घाट, हा मालवणच्या सहलीचा ठरलेला कार्यक्रम त्यामुळे तपासून पाहायला हवा. सहा-सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटे घालवणाऱ्या पर्यटकाच्या शरीरात नायट्रोजन थोडाच विरघळतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासक्रमाच्या समुद्रातील डुबक्या घेणाऱ्याने किंवा नेत्राणीला दोन दिवस पंधरा-अठरा मीटरवर वावरलेल्याने त्याच रात्री घाट चढू नये. रात्रीच्या बसमध्ये झोपलेल्या एकट्या माणसाच्या हाताला मुंग्या आल्या, तर तो हात अवघडला असेल असे समजून कूस बदलतो.

यावर उपाय सोपा आहे. डुबक्या सहलीच्या पूर्वार्धात घ्याव्यात आणि शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. मालवणला तो सिंधुदुर्ग किल्ला, धामापूरचा तलाव आणि कुणकेश्वर यांत सहज जातो. अंदमानला नेहमीच्या सहलींचा क्रम उलटा करावा. बहुतेक यात्रा कंपन्या पहिल्या दिवशी सेल्युलर जेल दाखवतात आणि मग बेटांवर नेतात. डायव्हरने उतरल्यावर थेट स्वराज द्वीप गाठावे, तीन-चार दिवस डुबक्या घ्याव्यात, शेवटच्या डुबकीनंतर दुसऱ्या दिवशी बोटीने श्रीविजयपुरमला यावे, दुपारी सेल्युलर जेल आणि संध्याकाळी तेथील ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहावा आणि तिसऱ्या दिवशी विमान पकडावे. बोट रद्द होण्याची शक्यता धरूनही या क्रमात एक दिवस हाताशी राहतो.

विमा आणि घरी ठेवायचा कागद

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळलेल्या बाबींचे शब्द प्रमाणित केले. त्यात साहसी खेळांच्या यादीत स्कूबा डायव्हिंगचे नाव आहे; मात्र वगळले आहे ते 'व्यावसायिक' म्हणून भाग घेणाऱ्याला. हौशी पर्यटकाला याचा आधार मिळू शकतो. परंतु अपघात विमा आणि परदेश प्रवासाचा विमा यांच्या अटी वेगळ्या असतात आणि त्यांत हौशी डायव्हिंगही वगळलेले असू शकते. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न थांबता लेखी उत्तर मागावे. उच्चदाब कक्षातील उपचार, बेटावरून हलवण्याचा खर्च आणि खोलीची मर्यादा या तीन गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात.

निघण्यापूर्वी घरी एक कागद ठेवावा. केंद्राचे नाव व दूरध्वनी, मुक्कामाचा पत्ता, कोणत्या दिवशी डुबकी आहे आणि रोज किती वाजेपर्यंत निरोप येईल, एवढे त्यावर असावे. बेटांवर भ्रमणध्वनीचे जाळे बेभरवशाचे असते. म्हणून 'आठ वाजेपर्यंत फोन आला नाही, तर आधी मुक्कामाच्या जागी विचारा, मग केंद्राला, मग पोलिसांना', असा क्रम लिहून ठेवावा. नाहीतर काळजीने घरचे हैराण होतात किंवा, उलट, नेटवर्क नसेल म्हणून दोन दिवस स्वस्थ बसतात. तटरक्षक दलाचा १५५४ आणि आपत्कालीन सेवेचा ११२ हे क्रमांकही त्याच कागदावर असावेत. प्रवाळाचे तुकडे आणण्याची फर्माईश घरच्यांनी करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बाळगणे गुन्हा आहे.

उच्चदाब कक्षाची, म्हणजे हायपरबॅरिक चेंबरची सोय नौदलाच्या रुग्णालयांत असते. मुंबईत 'अश्विनी' आणि अंदमानात 'धन्वंतरी' ही ती रुग्णालये. पुण्यातील काही खासगी रुग्णालयांतही असे कक्ष आहेत. पण ते प्रामुख्याने जखमा भरून येण्याच्या उपचारांसाठी वापरले जातात. डायव्हिंगचा रुग्ण घेणार का, हे आधी फोन करून विचारावे लागते.

लक्षणे बहुतांश वेळा पहिल्या चोवीस तासांत दिसतात. परतल्यावर खांदा किंवा गुडघा विनाकारण ठणकू लागला, बोटे बधिर झाली, न ओसरणारा थकवा आला, तर प्रवासाचा शीण म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नये. डॉक्टरांकडे जाताना डायव्ह कॉम्प्युटर किंवा डुबक्यांची वही बरोबर न्यावी आणि तपासणीस सुरुवात होण्यापूर्वीच, आपण केव्हा, किती खोल आणि किती वेळ पाण्याखाली होतो, ते सांगावे. पुण्यातील डॉक्टर हा प्रश्न आपणहून विचारतीलच असे नाही.